इंग्रजी धावते, मराठी चालते

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीला सणसणीत सर्दी झाली. शाळेला सुट्टीचा अर्ज द्यायचा होता आणि तो इंग्रजीतून लिहायचा होता. ती माझ्या शेजारी बसून लिहीत होती. 'माय नोज इज रनिंग' एवढं लिहून झालं आणि तिचं पेन थांबलं.

"मावशी, रनिंग म्हणजे धावणं ना? मग नाक धावतं कसं?"

मी उत्तर देईपर्यंत तिने वहीच्या कोपऱ्यात एक नाक काढलं. त्याला दोन पाय काढले, पायात बूट घातले आणि पुढे लिहिलं, 'मुंबई मॅरेथॉन'. आम्ही दोघी पोट धरून हसलो. मराठीत नाक वाहतं आणि इंग्रजीत नाक धावतं! पण मला राहवेना. संध्याकाळी मी शब्दकोश उघडला आणि पाहते तर काय, त्या धावणाऱ्या नाकाची बाजू अगदी खरी निघाली. कशी, ते सांगते. थोडं लांबून यावं लागेल.

'रन' हा शब्द तुम्हाला कुणी शिकवावा लागला नसेल. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये "रन काढ, रन काढ!" असं ओरडतच आपण मोठे होतो. दोन्ही बाजूंच्या स्टंपांमध्ये बावीस यार्डांचं अंतर, ते पळून पार केलं की एक रन. सरळ आहे. फार पूर्वी इंग्लंडमध्ये रन कागदावर लिहीत नसत. धावफलक सांभाळणारा माणूस लाकडाची काठी घेऊन बसायचा आणि प्रत्येक रनला तिच्यावर सुरीने एक खाच पाडायचा. सामना संपला की खाचा मोजायच्या! म्हणून त्या काळी रनला चक्क 'खाच' या अर्थाचाच शब्द होता, 'नॉच'. पुढे खाचा गेल्या, कागद आला आणि धावण्यावरून पडलेलं 'रन' हेच नाव टिकलं.

पण हा झाला रनचा फक्त एक अर्थ. एकूण किती असतील? डोळे मिटून एक आकडा धरा मनात. दहा? पन्नास?

इंग्रजीचा सगळ्यात मोठा शब्दकोश ऑक्सफर्डमध्ये तयार होतो. तिथल्या एका संपादकांचं नाव पीटर गिलिव्हर. त्यांच्याकडे या एका शब्दाचं काम आलं. त्यांनी दुसरं सगळं बाजूला ठेवून नऊ महिने फक्त 'रन'चे अर्थ लावले. काम संपलं तेव्हा, २०११ साली, क्रियापद म्हणून 'रन'चे ६४५ अर्थ मोजले गेले. सहाशे पंचेचाळीस! त्याआधी बरीच वर्षं पहिला नंबर 'सेट' या शब्दाचा होता. १९८९ सालच्या वीस खंडांच्या आवृत्तीत त्याचे ४३० अर्थ दिलेले आहेत.

हा शब्दकोश कसा झाला, ती गोष्ट मला परीकथेपेक्षा जास्त आवडते. जेम्स मरे नावाचे एक शाळामास्तर होते. १८७९ साली त्यांनी हे काम अंगावर घेतलं. त्यांनी लोकांना आवाहन केलं: तुम्ही पुस्तकं वाचा आणि एखादा शब्द कुठे, कसा, कोणत्या साली वापरलाय ते वाक्य चिठ्ठीवर लिहून मला पाठवा. आणि लोकांनी खरंच पाठवलं. हजारो, लाखो चिठ्ठ्या! मरेंनी घराच्या बागेत पत्र्याची एक खोली बांधली, भिंतीला हजाराहून जास्त कप्पे केले आणि त्यात त्या चिठ्ठ्या लावल्या. खोली इतकी गार पडायची की थंडीत ते पाय एका खोक्यात घालून काम करत. पत्रं इतकी येत-जात की टपालखात्याने त्यांच्या घराबाहेर खास लाल पेटी बसवली. ती आजही ऑक्सफर्डला बॅनबरी रोडवर उभी आहे.

आणि तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट ही, की मरेंना अकरा मुलं होती. त्या सगळ्यांनी लहानपणी चिठ्ठ्या अक्षरांच्या क्रमाने लावायचं काम केलं आणि त्याबद्दल त्यांना खाऊचे पैसे मिळायचे. जगातल्या सगळ्यात मोठ्या इंग्रजी शब्दकोशाला तुमच्याएवढ्या मुलांचे हात लागलेले आहेत. काम दहा वर्षांत संपेल असं वाटलं होतं. पाच वर्षं झाली तेव्हा गाडी 'ए'पासून निघून जेमतेम 'अँट' म्हणजे मुंगीपर्यंत पोचली होती. अख्खा कोश पूर्ण झाला १९२८ साली. मरे १९१५ मध्येच वारले होते.

आता येऊ या आपल्या नाकाकडे.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'रन' असा शब्द नव्हता. 'रिनन' होता आणि त्याचाच भाऊ 'इर्नन'. नीट पाहा, दोन्हींत 'र' आहे, पण एकात तो आधी येतो आणि दुसऱ्यात नंतर. जिभेवर अक्षरांनी जागा बदलली! हे फक्त इंग्रजांचंच होतं असं नाही. आपल्याकडे 'मतलब'चं 'मतबल' करणारे आणि लखनौला 'नखलौ' म्हणणारे लोक तुम्हीही ऐकले असतील. पुढे समुद्रावरून उत्तरेकडचे व्हायकिंग लोक आले. त्यांच्याही बोलीत याच घराण्यातला शब्द होता, 'रेन्ना'. सगळे मिसळले, घासले, गोल झाले आणि सोळाव्या शतकापर्यंत आजचं 'रन' सगळीकडे रुळलं.

या जुन्या 'रिनन'चा अर्थ काय होता? पायांनी धावणं हा होताच, पण त्याच्या बरोबरीने पाण्याचं वाहणंही होतं. ओढा 'रन' व्हायचा, रक्त 'रन' व्हायचं, डोळ्यांतलं पाणी 'रन' व्हायचं. इंग्रजीची चुलत बहीण म्हणजे जर्मन भाषा. तिच्याकडे हा शब्द आजही 'रिनेन' या रूपात आहे आणि तिथे तो माणसांसाठी वापरत नाहीत. तो फक्त वाहण्या-ठिबकण्यासाठी आहे. म्हणजे 'नोज इज रनिंग' म्हणताना इंग्रज माणूस नाकाला बूट घालत नाही. तो एक फार जुना अर्थ जपून वापरतोय. नाक वाहतंच आहे, मराठीत वाहतं तसंच.

भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग माझं चित्र चुकलं?" मी म्हटलं, मुळीच नाही. त्या चित्रामुळेच तर आपण शोधायला निघालो.

आणि शोधता शोधता आणखी एक मौज सापडली. आपला 'धावणे' हा शब्द संस्कृतातल्या 'धाव्' या धातूवरून आला. जुन्या व्याकरणकारांनी या धातूचे दोन अर्थ नोंदवले आहेत. एक गती, म्हणजे धावणं. दुसरा शुद्धी, म्हणजे स्वच्छ करणं, धुणं! खरं वाटत नसेल तर आजोबांना विचारा 'दंतधावन' म्हणजे काय. दातांची शर्यत नव्हे, दात घासणं. म्हणजे तिकडे 'रन' आणि इकडे 'धाव्', दोघांच्याही अंगाला पाणी लागलेलं आहे.

'रन'च्या पाण्याची एक वाट तर थेट स्वयंपाकघरात जाते. जुन्या इंग्रजीत दूध घट्ट होण्यालाही याच शब्दापासून केलेलं रूप होतं. पातळ दुधाचे कण वाहत वाहत एकमेकांकडे येतात आणि गोळा होतात, अशी ती कल्पना. जर्मन माणूस आजही रक्त गोठलं हे सांगायला 'गेरिनेन' म्हणतो. तुम्ही पिझ्झ्यावर चीज खाता ना? पारंपरिक चीज करताना दुधात एक पदार्थ घालतात. तो पूर्वी वासराच्या पोटातून मिळवत. आईचं दूध पोटात जाऊन घट्ट व्हावं, सावकाश पचावं, म्हणून वासराच्या पोटात एक विकर असतं, तेच इथे उपयोगी पडतं. या पदार्थाचं इंग्रजी नाव 'रेनेट'. नावातलं 'रेन' हे आपल्या 'रन'चंच नातेवाईक. आता गल्लीतल्या क्रिकेटचा रन आणि पिझ्झ्यावरचं चीज एकाच घरचे आहेत, हे कुणाला पटेल?

पण दोन-चार जुने अर्थ म्हणजे सहाशे पंचेचाळीस नव्हेत. बाकीचे आले कुठून?

मला वाटतं, त्याचं एक मोठं कारण आपल्याला मराठीतूनच दिसतं. मराठीत घड्याळ चालतं आणि आपण ते चालवतो. दुकान चालतं, काका ते चालवतात. 'चालणे'च्या पोटात एक छोटा 'व' घातला की दुसऱ्याकडून करवून घेण्याचा शब्द तयार. पळणे-पळवणे, बसणे-बसवणे. इंग्रजीत असा 'व' नाही. तिथे मुलगा 'रन' करतो आणि मुलाचे बाबा दुकान 'रन' करतात. एकाच शब्दाला दोन्ही कामं! दुकान, शाळा, वर्तमानपत्र, संस्था, देश, जे जे कुणी चालवतं ते सगळं या एका शब्दाच्या पाठीवर.

दुसरं कारण त्याच्यामागे लागणारी शेपटं. 'रन'ला 'आउट' लावलं की क्रिकेटमध्ये फलंदाज बाद होतो आणि स्वयंपाकघरात साखर संपते. 'इनटू' लावलं की रस्त्यात अचानक कुणीतरी भेटतं. 'ओव्हर' लावलं तर गाडी अंगावरून जाते. प्रत्येक शेपटाबरोबर नवा अर्थ. हसू नका, आपणही हेच करतो. 'धावून येणे' म्हणजे संकटात मदतीला येणं आणि 'अंगावर धावून जाणे' म्हणजे मारायला जाणं. धावणारा तोच, नुसतं 'येणे'च्या जागी 'जाणे' आलं, आणि देवमाणसाचा गुंड झाला!

तिसरं कारण मात्र धडधडतं, वाफ सोडतं, शिट्टी वाजवतं. यंत्रं! साधारण अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये कारखाने उभे राहू लागले. १८२५ साली स्टॉकटन ते डार्लिंग्टन वाफेच्या इंजिनाची सार्वजनिक आगगाडी सुरू झाली. ही अजस्र यंत्रं काय करतात ते सांगायला शब्द हवा होता, आणि इंग्रजीने जवळ होता तोच उचलला. इंजिन रन होतं, गिरणी रन होते, गाडी वेळापत्रकाप्रमाणे रन होते. मग वीज आली, मोटार आली, संगणक आला. तुमच्यापैकी कुणी कोडिंग शिकत असेल तर पडद्यावरचं ते त्रिकोणी बटण आठवा. प्रोग्रॅम लिहून झाला की काय दाबता? रन! ना पाय, ना पाणी, तरीही शब्द धावतोच आहे.

आता मला फार आवडणारी गोष्ट. जिथे जिथे इंग्रजी धावते, तिथे तिथे मराठी बहुतेक वेळा चालते. त्यांचं घड्याळ धावतं, आपलं चालतं. त्यांचं दुकान धावतं, आपलं चालतं. त्यांचा सिनेमा पंचवीस आठवडे धावतो, आपला चालतो. त्यांची शाळा शिक्षक धाववतात, आपली चालवतात. आणि यात आपण एकटे नाही. जर्मन घड्याळ 'जातं'. फ्रेंच माणसाचं यंत्र चक्क चालतं, आणि एखादी गोष्ट ठरवताना तो 'सा मार्श' म्हणतो, म्हणजे शब्दशः 'हे चालतं'. आपण नाही का म्हणत, "उद्या पाच वाजता येऊ?" "चालेल!" अगदी तस्संच.

रस्त्याचं तर आणखी वेगळं. इंग्रजी रस्ता नदीकाठाने धावतो. आपला रस्ता जातो. "काका, हा रस्ता कुठे जातो?" असं विचारल्यावर "रस्ता कुठे जात नाही बाळा, माणसं जातात" हे उत्तर तुम्हालाही कुणीतरी दिलं असेलच! खरं म्हणजे धावत असतात ते आपले डोळे. रस्त्यावरून नजर सरसर पुढे जाते आणि आपण ती गती रस्त्यालाच देऊन टाकतो.

निवडणुकीचं पाहा. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो, ब्रिटनमध्ये तो 'स्टँड' करतो. मराठीत? उभा राहतो! एकाच खुर्चीसाठी अमेरिकेचा उमेदवार पळतोय आणि लंडनचा आणि लातूरचा नुसतेच उभे.

मग मराठीत यंत्रं कधीच धावत नाहीत का? धावतात. मुंबईच्या लोकलमध्ये बसलेल्यांना ही घोषणा पाठ असते, की गाड्या उशिराने धावत आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याकडे साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी चौदा डब्यांची गाडी ओढत नेली, तो अवघा चौतीस किलोमीटरचा प्रवास आपण आजही 'पहिली रेल्वे धावली' असाच सांगतो. बैलगाडी चालते, आगगाडी धावते. विमानतळावर धावपट्टी आली, क्रिकेटमध्ये धावबाद आणि धावतं समालोचन आलं. हे शब्द इंग्रजीकडे बघून घडवले, पण किती सहज बसले! आईच्या शिवणाच्या डब्याजवळ जा, तिथे धावदोरा सापडेल. सुई कापडात वर-खाली, वर-खाली करत सरळ पळत सुटते, तो टाका. इंग्रजीतही त्याला 'रनिंग'च म्हणतात.

आणि काही धावा फक्त आपल्याच आहेत. बैलगाडीच्या लाकडी चाकाला बाहेरून लोखंडाची पट्टी बसवतात, ती धाव. विहिरीवर मोट असायची तेव्हा बैल ज्या उतारावरून खाली जात आणि पाण्याने भरलेली मोट वर येई, त्या उताराचं नावही धाव. तुमच्या गावी जुनी विहीर असेल तर आजीला विचारा. ती बोटाने जागा दाखवेल. शब्दकोशात हे अर्थ आहेत, पण विहिरीच्या काठावर उभं राहून ऐकण्याची मजा वेगळीच.

हो, शब्दकोश आपल्याकडेही जुना आहे. मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने मराठी पंडितांना बरोबर घेऊन मराठी-इंग्रजी कोश केला. पहिली आवृत्ती १८३१ ची, सुधारलेली दुसरी १८५७ ची. ऑक्सफर्डच्या कोशाची कल्पना लंडनमधल्या अभ्यासकांनी मांडली, तेही साल १८५७ च होतं! म्हणजे तिकडे कोश काढायचा का यावर बोलणं सुरू होतं, तेव्हा इकडे मुंबईत मराठीच्या कोशाची दुसरी आवृत्ती छापून तयार होती. मला हे वाचून फार आनंद झाला होता.

आता शेवटचं. इंग्रजीत सगळ्यात जास्त राबणारा शब्द 'रन', तर मराठीत कोणता? मी आणि भाचीने एका संध्याकाळी पैज लावली. ती म्हणाली 'चालणे', मी म्हटलं 'लागणे'. मग दोघी एकेक वाक्य टाकत गेलो. भूक लागली. ठेच लागली. झोप लागली. आग लागली. दादाला नोकरी लागली. निकाल लागला. यायला वेळ लागला. ऊन लागलं. दूध पातेल्याला लागलं. आंबा गोड लागतो. झाडाला कैऱ्या लागल्या. गाडी फलाटाला लागली. मला गाडी लागते. फोन लागत नाही. बाळ रडू लागलं. ते माझे मामा लागतात. एवढ्यात तिच्या आईने आतून हाक मारली, "चला, पानं लागली!" भाची माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, हरले मी."

आमच्याकडे आतापर्यंत बेचाळीस चिठ्ठ्या जमल्या आहेत, बुटांच्या रिकाम्या खोक्यात. मरेंच्या मुलांसारख्या आम्हीही त्या क्रमाने लावून ठेवतो. तुम्हीही एक खोकं घ्या आणि आजपासून कान उघडे ठेवा. घरात, बसमध्ये, बाजारात, आजीच्या गावी 'लागणे' किंवा 'चालणे' जिथे नव्या अर्थाने ऐकू येईल, ते वाक्य चिठ्ठीवर लिहा. कुणी म्हटलं, कुठल्या गावात, कोणत्या तारखेला, तेही खाली लिहा. नागपूरकडची, कोल्हापूरकडची, मालवणची वाक्यं आमच्या खोक्यात अजून नाहीत. पन्नास चिठ्ठ्या झाल्या की मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मी आणि माझी भाची त्यातली एकेक चिठ्ठी वाचणार आहोत.